विश्लेषण : फळांनी शरीर खरेच ‘डिटॉक्स’ होते का?

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सकाळी फिरून बाहेर पडणाऱ्यांसाठी रसाच्या गाड्या तयारच असतात. अंधेरीतील लोखंडवाला परिसर असो वा मुलुंड-घाटकोपरमधील बागा, चित्र फारसे वेगळे नाही. दुधी, कारले, आवळा, बीट, गव्हांकुर, सफरचंद-गाजर अशा रसांचे पेले आणि सगळ्यांचे आश्वासन एकच : शरीरातील घाण बाहेर पडेल. मोबाइलवरही गणपती, दिवाळी, लग्नसराई आटोपली की ‘तीन दिवस फक्त फळे’, ‘सात दिवसांत शरीर शुद्ध’ अशा चित्रफिती फिरू लागतात. फळे खावीत, याबद्दल डॉक्टरांत दुमत नाही. पण फळे शरीर ‘साफ’ करतात का, आणि त्या समजापोटी कोणाला त्रास होऊ शकतो, हे समजून घेणे गरजेचे आहे.

शुद्धीची ही कल्पना आली कुठून?

ती जुनी आहे. आयुर्वेदात लंघन आणि पंचकर्म आहे, घरोघरी एकादशी-चतुर्थीचे उपवास आहेत. एकोणिसाव्या शतकात युरोपात निसर्गोपचाराची लाट आली. पाणी, माती, ऊन आणि फळे यांनी शरीरातील विजातीय द्रव्ये बाहेर पडतात, असे तिचे पुरस्कर्ते मानत. महात्मा गांधींवर या विचाराचा मोठा प्रभाव होता आणि त्याचा एक धागा मुंबईच्या उपनगरातून जातो. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाल्यानंतर गांधीजी विश्रांतीसाठी जुहूला येऊन राहिले. १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधील कैदेतून सुटल्यावरही ते प्रकृती सुधारण्यासाठी जुहूलाच आले. १९४६ मध्ये त्यांच्या प्रेरणेने पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू झाला. निसर्गोपचाराच्या एवढ्या कट्टर पुरस्कर्त्यानेही ॲपेंडिक्ससाठी शल्यचिकित्सकाचाच आधार घेतला, हे मात्र फळांच्या चित्रफितींत कोणी सांगत नाही.

कैदेत असताना १९४२ मध्ये गांधीजींनी आरोग्यावर जे लिहिले, त्यात फळांबाबतचा सल्ला अगदी साधा आहे : ज्या ऋतूत जे फळ सहज मिळते ते खावे. ‘डिटॉक्स’ हा शब्द तेव्हा नव्हता. वैद्यकशास्त्रात त्याचा अर्थ आजही मर्यादित आहे. दारू किंवा अमली पदार्थांचे व्यसन सोडवताना दिले जाणारे उपचार, किंवा विषबाधा झालेल्या रुग्णाच्या शरीरातून विष काढणे, एवढाच. तिथून तो बाजारात आला आणि बाटलीवर चिकटला.

मग शरीराची सफाई कोण करते?

प्रामुख्याने यकृत आणि मूत्रपिंडे. सुमारे दीड किलो वजनाचे यकृत दारू, औषधे आणि प्रथिनांच्या पचनातून तयार होणारा अमोनिया यांचे रूपांतर शरीराला बाहेर टाकता येईल अशा पदार्थांत करते. मूत्रपिंडे दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील जवळपास सगळा पुन्हा शरीरात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडतो. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसे बाहेर टाकतात, उरलेला चोथा आतडी. हे काम रात्रंदिवस चालू असते, त्याला सोमवारपासून सुरुवात करावी लागत नाही.

रसविक्रेत्यांना विचारावे, नेमके कोणते विष बाहेर पडते? नाव सांगता येत नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी ‘डिटॉक्स’ आहारांवरील तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. बाजारातील अशा आहारांची माणसांवर घेतलेली एकही काटेकोर, तुलनात्मक चाचणी त्यांना आढळली नाही. दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. मूत्रपिंडे खरोखर निकामी होतात तेव्हा कोणताही रस त्यांचे काम करू शकत नाही. डायलिसिस करावे लागते.

तरीही फळे खाल्ली की ‘हलके’ का वाटते?

कारण ते खरोखर घडते, फक्त त्याचे कारण वेगळे आहे. पहिले कारण तंतू, म्हणजे फायबर. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. मैद्याचा पाव, बिस्किटे, पांढरा भात आणि फरसाण यांवर दिवस काढणाऱ्याच्या पोटात त्याच्या निम्मेही जात नाहीत. अशा माणसाने दोन-तीन दिवस पेरू, पपई, सफरचंद, केळी खाल्ली की पोट साफ होते. बद्धकोष्ठ गेले की अंगही हलके वाटते, भूक नीट लागते, चिडचिड कमी होते. लोक याला शरीरशुद्धी म्हणतात. प्रत्यक्षात मोठ्या आतड्याला त्याचे रोजचे सामान मिळालेले असते, इतकेच.

तंतूंचे काम मात्र पोट साफ करण्यापुरते नाही. पेरू, सफरचंद, संत्रे यांतील पेक्टिनसारखे विरघळणारे तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतात आणि शौचावाटे बाहेर नेतात. यकृताला नवे पित्ताम्ल बनवावे लागते आणि त्यासाठी ते रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. शरीरातून काहीतरी ‘बाहेर पडते’ असे फळांबाबत म्हणायचेच झाले, तर ते हे; पण त्याची जाहिरात कोणी करत नाही. उरलेले तंतू मोठ्या आतड्यातील जिवाणू खातात आणि त्यातून तयार होणारी मेदाम्ले आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात.

दुसरे कारण पोटॅशियम. केळी, चिकू, मोसंबी, शहाळ्याचे पाणी यांत ते भरपूर असते. मूत्रपिंडे चांगली असतील तर हे पोटॅशियम जादा मीठ लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करते आणि रक्तदाब आटोक्यात राहायला त्याचा हातभार लागतो. वडापाव, पापड, लोणचे, वेफर्स यांवर वाढलेल्या शहरासाठी हा फायदा लहान नाही.

तिसरे, क जीवनसत्त्व. १०० ग्रॅम पेरूत ते सुमारे २०० मिलिग्रॅम असते, म्हणजे तेवढ्याच संत्र्याच्या किमान चौपट आणि महागड्या किवीच्या दुप्पट. पालेभाजी, डाळ, नाचणी यांतील लोह शरीराला सहज शोषता येत नाही. जेवणासोबत क जीवनसत्त्व मिळाले तर ते शोषण वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. त्यांच्यासाठी दुपारच्या डब्यासोबत पेरूच्या चार फोडी हा कोणत्याही ‘शुद्धीपेया’पेक्षा जास्त उपयोगाचा मेवा आहे.

आणि वजन? तीन दिवस फक्त फळे खाल्ल्यावर काटा दोन किलो खाली येतो, हे खरे. पण यकृतात आणि स्नायूंत साठवलेली ग्लायकोजेन नावाची साखर आपल्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरून असते. आहार घटला की हा साठा आणि ते पाणी आधी जाते. चौथ्या दिवशी पोळी-भात सुरू झाला की काटा मूळ जागी येतो. चरबी फारशी हललेली नसते, उलट प्रथिने न मिळाल्याने स्नायू झिजायला लागतात.

फळाचा रस केला तर काय बिघडते?

बरेच काही. मोसंबीच्या एका मोठ्या पेल्याला तीन-चार फळे लागतात. कोणी एका बैठकीत चार मोसंबी सोलून खात नाही. चौथीपर्यंत पोट भरलेले असते. रस मात्र दोन मिनिटांत संपतो. यंत्रातून गाळताना चोथा, म्हणजे ज्याच्यासाठी फळ खायचे ते तंतू, बादलीत जातात आणि पेल्यात पाणी, साखर आणि थोडी जीवनसत्त्वे उरतात. २५० मिलिलिटर संत्र्याच्या रसात वरून काही न घालताही साधारण पाच चमचे साखर असते. गाडीवर साखरेचा पाक पडला तर हिशेब आणखी वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत अख्ख्या फळातील साखरेवर मर्यादा नाही, पण फळांच्या रसातील साखर थेट ‘मुक्त साखरे’त, म्हणजे चहात घातलेल्या साखरेच्या रांगेत बसवली आहे. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात १ लाख ८७ हजारांहून अधिक लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली गेली. अख्खी फळे, विशेषतः सफरचंद, द्राक्षे, ब्लूबेरी खाणाऱ्यांत टाइप २ मधुमेहाचे प्रमाण कमी आढळले. फळांचा रस जास्त पिणाऱ्यांत ते वाढलेले दिसले. असा अभ्यास थेट कारण सिद्ध करत नाही, हे खरे. पण फळ एकच आणि परिणाम उलटे, हे पुरेसे बोलके आहे.

खोक्यातील रसाबाबत तर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेच जून २०२४ मध्ये आदेश काढला. मूळ रसाचा अर्क पाण्यात मिसळून बनवलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असा दावा करता येणार नाही. तो वेष्टनांवरून आणि जाहिरातींतून काढा, असे कंपन्यांना सांगण्यात आले.

दुधीच्या रसाने जीव जाऊ शकतो का?

होय. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दुधी हेही फळच आणि ‘डिटॉक्स’ पेल्यात त्याचा मान पहिला. काही दुधींत क्युकरबिटासिन नावाचे कडू विषारी द्रव्य जास्त प्रमाणात तयार होते. बाहेरून पाहून ते ओळखता येत नाही. भाजी करताना कडू दुधी पहिल्या घासाला कळतो आणि टाकला जातो. रस पिणारा मात्र कडवटपणा औषधी समजून नाक दाबून पेला रिकामा करतो. खरा घोटाळा इथेच होतो.

२०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याच्या रसानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) तज्ज्ञ समिती नेमली. २०१८ मध्ये पुण्यात एका महिलेचा अशाच प्रकारे मृत्यू झाल्याची बातमी आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईतील लेखिका-दिग्दर्शिका ताहिरा कश्यप यांनी कडू दुधीच्या रसामुळे आपल्याला अतिदक्षता विभागात दाखल व्हावे लागल्याचे स्वतः समाजमाध्यमावर सांगून लोकांना सावध केले.

समितीचा सल्ला सोपा आहे. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखावा. कडू लागला तर दुधी फेकून द्यावा. दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नये, कारण कारल्याबरोबर घेतला तर कडवटपणा नेमका कोणाचा हे कळत नाही. गाडीवरच्या तयार मिश्रणात हे दोन्ही नियम पाळले जाणे अवघड. प्यायल्यानंतर उलट्या, जुलाब, पोटात कळा, उलटीत रक्त किंवा चक्कर असे काही झाले तर ‘घाण बाहेर पडतेय’ म्हणून वाट पाहू नये. यावर उतारा नाही. पण वेळेत रुग्णालयात गेल्यास रक्तदाब सावरता येतो.

फळे कोणी जपून खावीत?

मूत्रपिंडाच्या रुग्णांनी सर्वांत आधी. निरोगी माणसाला उपयोगी पडणारे पोटॅशियम त्यांच्या रक्तात साठते आणि हृदयाची लय बिघडवू शकते. रुग्णालयाच्या दारात शहाळेवाला हमखास असतो आणि भेटायला येणारा नातेवाईक प्रेमाने शहाळे घेऊन वर जातो; डायलिसिसवरील रुग्णासाठी ती भेट धोक्याची ठरू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पोटॅशियम वाढते, म्हणून डॉक्टरांनी दिलेली फळांची यादी पाळावी.

शाळेबाहेर तिखट-मीठ लावून मिळणारे आंबट कमरख, म्हणजे चांदणीच्या आकाराचे फळ, हा तर मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी वर्ज्य पदार्थ आहे. त्यातील ऑक्झलेट आणि मेंदूवर परिणाम करणारे एक द्रव्य निरोगी मूत्रपिंडे बाहेर टाकतात. आजारी मूत्रपिंडांना ते जमत नाही आणि न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके इथपर्यंत वेळ येते. उपाशीपोटी भरपूर कमरखाचा रस प्यायल्याने निरोगी माणसाच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

ग्रेपफ्रूटमुळे कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढते. गणपतीत हमखास दिसणारे पपनस त्याच कुळातील. अशा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना किंवा औषध दुकानातील फार्मासिस्टला एकदा विचारून घ्यावे.

मधुमेहींना फळे पूर्ण बंद, हा समज मात्र चुकीचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांना पेरूपासून तोडण्याचे कारण नाही. एक मध्यम पेरू, सफरचंद, वाटीभर पपई किंवा जांभळे, तीही जेवणाला जोडून न खाता दोन जेवणांच्या मध्ये, एवढे बहुतेकांना चालते. आंबा, चिकू, सीताफळ, केळे यांचे प्रमाण कमी ठेवावे आणि त्या दिवशी पोळी-भात कमी करावा. जांभळाच्या बियांची पूड घेतो म्हणून गोळी बंद करणे मात्र महागात पडते.

उपनगरातल्या बाजारातून काय घ्यावे?

इथे मुंबईकर नशीबवान आहेत. बोरिवली, दहिसर स्थानकांबाहेर उन्हाळ्यात आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे घेऊन बसतात. बोरिवली हे नावच बोरांवरून पडले, असे सांगतात. डहाणू-घोलवडचा चिकू आणि पालघर जिल्ह्यातील बहाडोलीची जांभळे या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे आणि ती लोकलच्या पट्ट्यातच पिकतात. वाशीच्या घाऊक बाजारातून येणारे पेरू, पपई, केळी, कलिंगड गल्लीच्या तोंडाशी मिळते. ॲव्होकाडो, ड्रॅगन फ्रूट, ब्लूबेरी वाईट नाहीत, पण त्यांच्यात असे काही नाही जे हातगाडीवरील फळांतून मिळणार नाही. फरक पडतो तो खिशाला.

फळ पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास देशात बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. त्याऐवजी नियंत्रित प्रमाणात इथिलीन वायू वापरता येतो. फळ स्वतः पिकताना हाच वायू सोडते. हंगामाच्या फार आधी आलेला, एकसारखा पिवळाधमक पण आतून आंबट आणि वास नसलेला आंबा दिसला तर तो घेऊ नये. घरी आणल्यावर फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. साबण किंवा डिटर्जंट लावू नये.

खरी काळजी घ्यायची ती कापलेल्या फळांची. पावसाळा आला की मुंबई महापालिका उघड्यावर कापून ठेवलेली फळे आणि सरबते यांवर कारवाई सुरू करते, ते उगाच नाही. गॅस्ट्रो, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू सुरीवरून, हातावरून, धुण्याच्या पाण्यावरून आणि बर्फातून येतात. मार्च २०१९ मध्ये कुर्ला स्थानकातील लिंबू सरबत कसे बनते याची चित्रफीत पसरली आणि मध्य रेल्वेला स्थानकांवरील उघड्या सरबतांची विक्री बंद करावी लागली. केळे, मोसंबी, सीताफळ या बाबतीत सुरक्षित. निसर्गाने त्यांना वेष्टन घालूनच पाठवले आहे.

किती आणि केव्हा खावीत?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आयसीएमआरच्या वतीने २०२४ मध्ये सुधारित आहारतत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या ताटात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत. १०० ग्रॅम म्हणजे एक पेरू किंवा एक मोठे केळे. थोडी जास्त खाल्ली तरी बिघडत नाही. पण फळांच्या नावाखाली डाळ, दूध, अंडी बंद करणे योग्य नाही.

उपाशीपोटीच खावीत, दुपारनंतर खाऊ नयेत, जेवणानंतर खाल्ली तर पोटात सडतात, या समजांना भक्कम आधार नाही. जठरातील तीव्र आम्लात फळ सडायला वावच नसतो. वेळेपेक्षा महत्त्वाचे हे की फळ कशाच्या जागी खाल्ले. संध्याकाळी सहाच्या अंधेरी लोकलमध्ये समोसा-पावाऐवजी दोन केळी खाल्ली तर फायदा मोठा. समोसा-पावानंतर पुण्य म्हणून खाल्ली तर ती नुसती भर.

उपवासाचे काय? फळांवर राहणे म्हणजे फलाहार, पण मराठी घरांत त्या शब्दाच्या पोटात साबुदाणा वडा, बटाट्याचा कीस आणि शेंगदाण्याचे लाडू कधी शिरले ते कळलेच नाही. निरोगी माणसाने एक दिवस खरोखर फळे, दूध, ताक यांवर काढला तर काही बिघडत नाही. नवरात्रात सलग नऊ दिवस किंवा पर्युषणात कडक उपास करणाऱ्या मधुमेहींनी मात्र आधी डॉक्टरांना भेटून गोळ्या किंवा इन्सुलिनचे प्रमाण बदलून घ्यावे. खाणे कमी आणि औषध तेवढेच राहिले तर रक्तातील साखर एकदम उतरते. दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, बोलण्यात असंबद्धता ही तिची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर अशा वेळी फळांचा रस खरोखर कामी येतो : अर्धा ग्लास रस किंवा पाण्यात विरघळवलेली तीन-चार चमचे साखर लगेच द्यावी, १५ मिनिटांनी साखर तपासावी, कमीच असेल तर पुन्हा तेवढेच द्यावे. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात काहीही ओतू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.